रक्त बरं झालं, खुबा खचला : बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतरच्या हाडांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, घरी ब्लाउज शिवून संसाराला हातभार लावणाऱ्या एका बाईंची ही हकिकत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांना मी इथे नुसतं ताई म्हणते. ओपीडीतही आम्ही तसंच म्हणतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि ट्रान्सप्लांट होऊन गेलेल्या रुग्णांच्या पाठपुराव्याच्या ओपीडीत काम करते.

ताईंना अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झाला तेव्हा त्या ३२ वर्षांच्या होत्या. केमोथेरपीने आजार आटोक्यात आला, पण तो उलटण्याची शक्यता जास्त होती. दात्याची मज्जा चालेल का हे ठरवणारी एचएलए तपासणी थोरल्या भावाशी पूर्ण जुळली आणि जून २०१९ मध्ये बुसल्फान आणि सायक्लोफॉस्फमाइड ही केमोची औषधं देऊन भावाच्या मज्जेचं प्रत्यारोपण झालं. रक्तपेशींचे काउंट वेळेवर वर आले, महिन्याभरात त्या वॉर्डातून बाहेर पडल्या. रक्ताच्या बाजूने पाहिलं तर याहून चांगला निकाल मागता आला नसता. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८३ साली देशातलं पहिलं असं प्रत्यारोपण झालं, तेव्हा रुग्ण जगेल का, एवढाच प्रश्न असे. आज रुग्ण जगतात, वर्षानुवर्षं जगतात, आणि म्हणून त्यांच्या गुडघ्या-मणक्यांचे प्रश्न आमच्यासमोर येतात.

जानेवारी २०२० मध्ये अंगावर काळपट, खरखरीत चट्टे आले, तोंडात जाळी पडल्यासारखं पांढरं दिसू लागलं, तिखट सोसेना. लिव्हरचे रिपोर्टही थोडे वर गेले. भावाच्या पेशींनी ताईंच्या शरीराला परकं मानून हल्ला सुरू केला होता. क्रॉनिक जीव्हीएचडी (ग्राफ्ट व्हर्सस होस्ट डिसीज) म्हणतात तो हाच. प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिन चालू होतंच. त्यात प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ५० मिलिग्रॅम सुरू झालं, म्हणजे वजनाच्या किलोमागे साधारण १ मिलिग्रॅम. डोस हळूहळू उतरवत आणला, ऑक्टोबरमध्ये तोंड आणि कातडी पुन्हा बिघडली म्हणून ३० वर नेला, परत उतरवला. ऑगस्ट २०२१ उजाडला तेव्हा त्या १० मिलिग्रॅमवर होत्या, आणि स्टेरॉइड सुरू होऊन १९ महिने झाले होते.

मधे लॉकडाउन आला. पाठपुरावा फोनवर सुरू राहिला. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, लिव्हर, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, सायक्लोस्पोरिनची पातळी या सगळ्या तपासण्या गावातल्या लॅबमधून व्हॉट्सअपवर येत होत्या. मात्र ट्रान्सप्लांटला वर्ष झालं की करायची मोठी तपासणी, जिच्यात हाडांच्या घनतेचा डेक्सा स्कॅन येतो, ती राहून गेली. एसटी बंद, जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास, आणि प्रतिकारशक्ती नावाला. अशा वेळी कुणी त्यांना स्कॅनसाठी बोलावणार नव्हतं, आणि ते समजण्यासारखं आहे. वाहतूक सुरू झाल्यावर मात्र ती राहिलेली तपासणी पुन्हा कुणाच्या यादीत आली नाही.

अडचण

एप्रिल २०२१ पासून ताईंचा उजवा गुडघा दुखू लागला. शिलाई मशिनचं पायडल मारताना कळ यायची, मांडी घालून बसलं की उठताना जास्त. गावातल्या डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे काढला, तो धड निघाला. 'वजन वाढलंय, वात आहे,' असं म्हणून डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं आणि गोळ्या दिल्या. आराम पडायचा, म्हणून पुढे मेडिकलमधून चिठ्ठीशिवायच गोळ्या येऊ लागल्या.

घरात आणखी एक गोष्ट चालू होती. सासूबाई रोज सकाळी कोवळ्या उन्हात बसायला सांगायच्या, हाडं मजबूत होतात म्हणून. आमच्या कार्डावर लिहिलेलं होतं की ऊन टाळा, कारण उन्हाने कातडीचा जीव्हीएचडी भडकू शकतो. ताईंनी कार्डाचं ऐकलं. ते बरोबरच होतं, पण उन्हातून न मिळणारं व्हिटॅमिन डी गोळीतून द्यायला हवं, हे कार्डावर नव्हतं.

ऑगस्टमध्ये त्या प्रत्यक्ष आल्या त्या क्रिएटिनिन १.६ झालं म्हणून. आधी ते ०.९ असायचं. सायक्लोस्पोरिनची पातळी ठीक होती, मग किडनीला झालं काय? पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढायला सांगितल्या, तेव्हा डायक्लोफेनॅकची अर्धी संपलेली पट्टी निघाली. सायक्लोस्पोरिनसोबत हे वेदनाशामक किडनीच्या रक्तपुरवठ्यावर दुहेरी ताण आणतं. पट्टी बाजूला ठेवली गेली, आणि दुखतंय कुठे हे पाहायला त्यांना माझ्याकडे पाठवलं.

त्यांनी बोट गुडघ्यावर ठेवलं, पण गुडघा दाबून, वाकवून, फिरवून पाहिला तरी काही दुखेना. मग उताणं झोपवून खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला नेलं, म्हणजे खुबा आत वळतो. डाव्या बाजूला तो सहज वळला. उजव्या बाजूला थोडा वळून अडकला आणि ताईंनी पलंगाची कड घट्ट धरली. 'इथं,' म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हात जांघेवर गेला.

खुब्याचं दुखणं गुडघ्यात बोलतं. दोन्हीकडे जाणाऱ्या नसा सामाईक आहेत. स्टेरॉइड घेतलेल्या माणसाचा गुडघा दुखतो आणि गुडघ्यात काही सापडत नाही, तेव्हा खुबा तपासलाच पाहिजे. याला दोन मिनिटं लागतात आणि कुठलंही यंत्र लागत नाही.

ताईंच्या मनात मात्र वेगळंच होतं. पहिल्या वेळीही आजाराची सुरुवात हाडं दुखण्यानेच झाली होती. 'परत आलंय का मॅडम?' हा त्यांचा पहिला प्रश्न होता. चार महिने त्यांनी तो घरात कुणालाच विचारला नव्हता.

तपासण्यांत काय निघालं

तो प्रश्न आधी मार्गी लावणं भाग होतं. सीबीसी आणि स्मिअर (सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं रक्त) व्यवस्थित होते. रक्तातल्या पेशी पूर्णपणे भावाच्याच असल्याचं कायमेरिझमच्या तपासणीत दिसलं. आजार परतलेला नव्हता. आणखी एक शक्यता डॉक्टरांनी पडताळली. व्होरिकोनाझोल हे बुरशीवरचं औषध बरेच महिने घेतलं तर त्यातल्या फ्लोरिनमुळे हाडांच्या वरच्या आवरणाला सूज येते आणि अंगभर हाडं दुखतात. ताईंना मात्र पोसाकोनाझोल हे बुरशीवरचं दुसरं औषध होतं आणि दुखणंही एकाच जागी होतं.

कमरेचा एक्स-रे काढला. त्यात उजव्या मांडीच्या हाडाच्या गोलाकार डोक्यात जरा पांढुरकेपणा दिसत होता. घाईत पाहणाऱ्याने 'नॉर्मल' लिहिलं असतं. एमआरआय दोन्ही खुब्यांचा केला. किडनी पाहता कॉन्ट्रास्ट द्यायचा नव्हता, आणि या आजारासाठी तो लागतही नाही. उजव्या डोक्याचा जवळजवळ ४० टक्के भाग मृत झालेला होता, पण गोलाई अजून शाबूत होती. डाव्या बाजूला, जिथे काहीच दुखत नव्हतं, तिथेही आतल्या अंगाला एक छोटा डाग होता.

याला एव्हीएन म्हणतात, म्हणजे रक्तपुरवठा तुटल्यामुळे हाड मरणं. मांडीच्या हाडाच्या डोक्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बारीक आणि मोजक्या आहेत. स्टेरॉइडमुळे हाडातल्या चरबीच्या पेशी फुगतात, आतला दाब वाढतो, वाहिन्या दबतात, गुठळ्याही होतात. हाडाचा तेवढा तुकडा मरतो. वाळवी लागलेली तुळई वरून धड दिसावी तसं ते डोकं काही महिने धड दिसतं. मग रोजच्या भाराने आतल्या बारीक भेगा वाढत जातात आणि पृष्ठभाग खचतो. दुसऱ्याकडून मज्जा घेतलेल्या रुग्णांत हे ४ ते १९ टक्क्यांना होतं असं निरनिराळ्या अभ्यासांत आढळलं आहे. तो बहुतेकदा खुब्यातच होतो आणि बरेचदा दोन्ही बाजूंना.

त्याच सुमारास मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. संजय अगरवाला यांच्या गटाने कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांमधल्या एव्हीएनची नोंद केली होती आणि वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या येत होत्या. ताईंच्या नवऱ्याने ती बातमी वाचली होती. त्यामुळे 'हाड मरतं म्हणजे काय' हे समजावणं थोडं सोपं गेलं.

डेक्सा आता झाला. कमरेच्या मणक्यांचा झेड-स्कोअर उणे २.३, डाव्या खुब्याच्या मानेचा उणे २.६. पन्नाशीच्या आतल्या व्यक्तीत उणे २ च्या खाली म्हणजे वयाच्या मानाने हाड फारच विरळ. मणक्यांचा बाजूने एक्स-रे काढला तर छातीचा बारावा मणका पुढून दबलेला दिसला. कंबर धरते असं ताई म्हणत होत्या, पण मणका मोडलाय असं कुणाला वाटलं नव्हतं. व्हिटॅमिन डी ११ नॅनोग्रॅम, म्हणजे फारच कमी.

आणि पाळी. ट्रान्सप्लांटपासून पाळी आलीच नव्हती. बुसल्फानच्या मोठ्या डोसनंतर अंडाशयं बहुधा कायमची बंद पडतात. 'कटकट गेली एकदाची, असं वाटलं,' ताई म्हणाल्या. रात्री घाम फुटून जाग येते, हेही त्यांनी विचारल्यावरच सांगितलं. ३३ व्या वर्षी इस्ट्रोजेन थांबणं हा हाडांवरचा वेगळा घाला होता, स्टेरॉइडच्या जोडीला. त्याबद्दल आतापर्यंत कुणीही त्यांच्याशी बोललं नव्हतं.

कोणते पर्याय होते

एकाच खोलीत हिमॅटॉलॉजिस्ट (रक्ताचे डॉक्टर), हाडांचे डॉक्टर, एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हॉर्मोनचे डॉक्टर) आणि मी असे बसलो, ताई आणि त्यांचे यजमान समोर. ही बैठक मला आजही महत्त्वाची वाटते. तोवर रक्त एकाकडे, किडनी दुसऱ्याकडे, गुडघा गावातल्या डॉक्टरांकडे आणि हाडं कुणाकडेच नव्हती.

सगळ्यात सोपा पर्याय वाट पाहण्याचा होता. कुबड्या घ्यायच्या, भार कमी करायचा, एमआरआय परत करायचा. पण खचण्याआधीची वेळ थोडी असते आणि डाग मोठा होता.

दुसरा पर्याय कोअर डिकंप्रेशनचा. मांडीच्या हाडातून मृत भागापर्यंत भोक पाडून आतला दाब उतरवायचा, जमल्यास नवं हाड भरून येऊ द्यायचं. डोकं खचलं नसेल तरच याला अर्थ. डाग जितका मोठा तितकं यश कमी, हे हाडांच्या डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं. सोबत मज्जेतल्या पेशी गाळून तिथे सोडण्याची पद्धत आहे. त्यावर ताईंच्या यजमानांनी विचारलं, 'मज्जा तर मेहुण्याची, ती हिच्या हाडात चालेल का?' प्रश्न अगदी योग्य होता. रक्त तयार करणाऱ्या पेशी भावाच्या असल्या, तरी हाड बांधणाऱ्या पेशी प्रत्यारोपणानंतरही मुख्यतः रुग्णाच्याच राहतात, आणि त्या केमोने थकलेल्या असतात. त्या वापरून असा फायदा होईल याला भक्कम आधार नव्हता, म्हणून तो भाग सोडला.

तिसरा, सरळ खुबा बदलणं. वेदना नक्की गेली असती. पण ३५ वर्षांच्या बाईला आयुष्यात पुन्हा एकदा, कदाचित दोनदा ते बदलावं लागणार, आणि डोकं अजून गोल होतं. शिवाय ताई इम्युनिटी दाबणाऱ्या औषधांवर. सांध्यात जंतू शिरला तर सगळंच बिघडलं असतं.

चौथा, हाडाची झीज रोखणारी बिस्फॉस्फोनेट औषधं. दबलेला मणका आणि विरळ हाडांसाठी ती लागणारच होती, त्यावर दुमत नव्हतं. खुब्याचं डोकं त्यांनी वाचतं का, यावर मात्र होतं. डॉ. अगरवालांच्या गटाने त्यातल्याच अलेंड्रोनेटचे चांगले अनुभव बरीच वर्षं मांडले आहेत. तैवानमधल्या एका छोट्या चाचणीत फायदा दिसला होता, तिथल्याच नंतरच्या मोठ्या चाचणीत दिसला नाही. मणक्यासाठी द्यायचंच आहे, खुब्याला लाभ झाला तर हवाच, असं ठरलं. डेनोसुमॅब या हाडांसाठीच्या दुसऱ्या औषधाचा विषय निघाला आणि मागे पडला, कारण ते वेळेवर घेतलं गेलं नाही तर मणके झपाट्याने मोडू शकतात. आणि वेळ चुकण्याचा अनुभव नुकताच सगळ्यांनी घेतला होता.

पाचवी गोष्ट सगळ्यांच्या मुळाशी होती. स्टेरॉइड कमी करायचं, पण किती वेगाने? घाई केली तर जीव्हीएचडी उसळेल, मग परत मोठा डोस, आणि हाडांना आणखी मार.

काय केलं, कोणत्या क्रमाने

डायक्लोफेनॅक बंद झाल्यावर तीन आठवड्यांत क्रिएटिनिन १.१ वर आलं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ठरलं, पण एका अटीवर. गोळी घेण्याआधी थर्मामीटर लावायचा, नाहीतर ताप झाकला जातो आणि अशा रुग्णात झाकलेला ताप जिवावर बेततो. व्हिटॅमिन डीचं ६०,००० युनिटचं पाकीट आठ आठवडे दर आठवड्याला, कॅल्शियमची गोळी जेवणासोबत, आणि आहारात नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तोंडातल्या फोडांमुळे भाकरी टोचायची, म्हणून ताई ताकातली आंबील प्यायच्या. आहारतज्ज्ञांच्या तक्त्यापेक्षा मला ही आंबील जास्त उपयोगी वाटली, कारण ती रोज पोटात जायची.

प्रेडनिसोलोन १० वरून उतरवायला सुरुवात केली. सप्टेंबरात गणपती होऊन गेल्यावर ताई आल्या आणि सहज बोलता बोलता म्हणाल्या, 'आरतीत हात जोडले, पण तळवे चिकटतच नाहीत.' करून दाखवलं. बोटांची टोकं टेकत होती, तळव्यांमध्ये मात्र अंगठा जाईल एवढी फट राहत होती. कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी आतून ओढल्यासारखी, हात वर केला की तिथे खळगा पडे. हा स्नायूंवरच्या आवरणाचा जीव्हीएचडी. तो सांध्यात नसतो, सांध्याभोवतीचं सगळं आवळतो आणि वेळीच धरला नाही तर सांधा कायमचा आखडतो.

या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय हाच होता. नेहमीचा उपाय म्हणजे स्टेरॉइड वाढवणं, आणि स्टेरॉइडनेच खुबा मेला होता. रक्झोलिटिनिब या स्टेरॉइड नसलेल्या औषधाची मोठी तुलनात्मक चाचणी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली होती. स्टेरॉइड पुरेसं न पडणाऱ्या क्रॉनिक जीव्हीएचडीत ते इतर औषधांपेक्षा सरस ठरलं होतं. पण औषध महाग, त्याने काउंट उतरतात, जंतुसंसर्ग वाढतो, आणि पोसाकोनाझोलसोबत त्याचा डोस कमी ठेवावा लागतो. हिमॅटॉलॉजिस्टनी ते निवडलं. स्टेरॉइड साडेसातवर थोपवून धरायचं, खुब्याच्या ऑपरेशनची जखम भरली की रक्झोलिटिनिब सुरू करायचं आणि नंतर सायक्लोस्पोरिन काढून टाकायचं, म्हणजे किडनीलाही श्वास मिळेल. खर्चासाठी एका धर्मादाय ट्रस्टची मदत मिळवली.

व्यायाम त्याच दिवशी सुरू केले. मनगट, बोटं, कोपर, खांदा, घोटा दिवसातून दोनदा ताणायचे, प्रत्येक ताण अर्धा मिनिट धरायचा, रात्री मनगटाला स्प्लिंट. दर महिन्याला ठरलेल्या चार स्थितींचे फोटो काढून आदर्श चित्रांच्या तक्त्याशी ताडून गुण द्यायचे. नमस्काराचा फोटो ताई स्वतः व्हॉट्सअपवर पाठवायच्या.

ऑक्टोबर २०२१ मध्ये उजव्या खुब्याचं कोअर डिकंप्रेशन झालं. दीड वर्षाच्या स्टेरॉइडने शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणारी अ‍ॅड्रिनल ग्रंथी झोपलेली असते, म्हणून ऑपरेशनच्या वेळी हायड्रोकॉर्टिसोनचं संरक्षण दिलं. सहा आठवडे कुबड्या. गावच्या घरात पायऱ्या उंच आणि संडास भारतीय पद्धतीचा. ऑपरेशनआधीच कमोडची खुर्ची आणि पायरीला कठडा बसवून घेतला होता. डाव्या खुब्याला हात लावला नाही. डाग छोटा आणि भार न येणाऱ्या जागी होता.

झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन (ठरलेलं बिस्फॉस्फोनेट) त्यानंतरही लगेच दिलं नाही. तोंडातल्या जीव्हीएचडीने लाळ आटते आणि दात किडतात. दंतवैद्यांना एक दाढ काढण्याजोगी सापडली. हे औषध दिल्यावर दात काढला तर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो, स्टेरॉइडवर असलेल्यांना जास्तच. आधी दाढ काढली, हिरडी भरू दिली, आणि डिसेंबरमध्ये ५ मिलिग्रॅम दिलं. त्या रात्री ताईंना १०१ ताप आला. पहिल्या डोसनंतर असा ताप बऱ्याच जणांना येतो, हे आम्ही आधीच सांगितलं होतं. पण त्यांच्याबाबत 'औषधाचा ताप' असं घरी बसून ठरवायचं नाही, हेही सांगितलं होतं. रात्री अकराला त्या जवळच्या हॉस्पिटलात गेल्या, ब्लड कल्चर झालं, अँटिबायोटिक सुरू झालं. दोन दिवसांत ताप गेला, कल्चर कोरं आलं. तो खर्च आणि ती दगदग वाया गेली असं मी मानत नाही.

इस्ट्रोजेनला सर्वात जास्त वेळ लागला. सासूबाईंना वाटत होतं, गेलेली पाळी औषधाने परत आणायची म्हणजे देवाच्या कामात हात घालणं. स्त्रीरोगतज्ज्ञांनी त्यांनाच बोलावून घेतलं आणि समजावलं की प्रश्न पाळीचा नसून हाडांचा आणि हृदयाचा आहे. लिव्हरला आधी त्रास झालेला असल्यामुळे गोळीऐवजी कातडीवर लावायची जेल, सोबत प्रोजेस्टेरॉन. २०२२ च्या सुरुवातीला ते चालू झालं.

निष्पत्ती

वर्षभर उजवा खुबा टिकला. जांघेतली कळ पुष्कळ कमी झाली, तळव्यांमधली फट हळूहळू मिटली, मार्च २०२२ मध्ये प्रेडनिसोलोन पूर्ण बंद झालं. मग डिसेंबरात ताईंना पायऱ्या उतरताना खुब्यात टकटक जाणवू लागली. एक्स-रेत पृष्ठभागाखाली चंद्रकोरीसारखी रेघ दिसली, आणि दोन महिन्यांत डोकं एका बाजूने खचलं.

जून २०२३ मध्ये उजवा खुबा बदलला. मुख्यमंत्री सहायता निधीच्या यादीत बोन मॅरो ट्रान्सप्लांट आहे तसं हिप रिप्लेसमेंटही आहे; अर्जाची कागदपत्रं ताईंच्या भावाने गोळा केली. काढलेलं डोकं तपासणीला गेलं. मृत हाड होतं, ल्युकेमियाचा मागमूस नव्हता. ताईंना तो रिपोर्ट हातात हवा होता, आणि त्यांनी तो मोठ्याने वाचला.

चौथ्या महिन्यात त्या मशिनवर बसल्या. मशिनला मोटर लावून घेतली आहे, स्टूल उंच केलं आहे. मांडी घालून जमिनीवर बसायचं नाही. पंगतीत त्यांचं ताट टेबलावर लागतं, सुरुवातीला त्यांना फार संकोच वाटायचा. २०२३ अखेरचा डेक्सा मणक्यांत उणे १.६ दाखवतो, ही चांगली सुधारणा. डाव्या खुब्याची मान उणे २.४, म्हणजे जवळपास तिथेच. प्रत्यारोपणानंतर खुब्याचं हाड मणक्यापेक्षा सावकाश भरतं, त्यामुळे हे अनपेक्षित नव्हतं. नवीन मणका दबलेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

कोअर डिकंप्रेशन सहा महिने आधी, म्हणजे दुखणं सुरू झालं तेव्हाच झालं असतं तर खुबा वाचला असता का? मला खात्री देता येत नाही. ४० टक्क्यांचा डाग खचण्याकडेच झुकलेला असतो. ऑपरेशनने मिळालेली सव्वा वर्षं मात्र फुकट गेली नाहीत. खुबा बदलला तेव्हा स्टेरॉइड बंद होतं, जीव्हीएचडी शांत होता, हाड थोडं भरलं होतं. तेच ऑपरेशन २०२१ मध्ये १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन आणि सायक्लोस्पोरिनवर झालं असतं, तर धोका कितीतरी जास्त होता. म्हणून तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

मणक्याचं तसं नाही. ते टाळता येण्याजोगं होतं. प्रत्यारोपणानंतरचं हाडांचं सर्वात वेगवान नुकसान पहिल्या वर्षात होतं. दुसऱ्याची मज्जा घेतलेल्यांना वर्षभराने डेक्सा करा, हे २०१२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. पण माझ्या मते खरी तारीख त्याहून आधीची. ज्या दिवशी तीन महिन्यांहून जास्त स्टेरॉइड लागणार असं दिसतं, त्याच दिवशी व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, दातांची तपासणी आणि डेक्साची चिठ्ठी निघायला हवी. ताईंच्या बाबतीत तो दिवस जानेवारी २०२० चा होता, लॉकडाउनच्या दोन महिने आधीचा.

पाळीबद्दल प्रत्यारोपणाआधीच बोलायला हवं होतं. मूल, हाडं, संसार या सगळ्याशी तो विषय जोडलेला आहे आणि बाई स्वतःहून तो काढत नाही.

दुखणं नसलेल्या सगळ्यांचे एमआरआय काढा असं मी म्हणणार नाही. त्याने भीती आणि खर्च वाढतो, हाती थोडं लागतं. पण स्टेरॉइड घेतलेल्या व्यक्तीची जांघ, नितंब किंवा गुडघा दोन आठवड्यांहून जास्त दुखला, तर साधा एक्स-रे नॉर्मल आला म्हणून थांबू नये. एमआरआय, आणि तोही दोन्ही बाजूंचा. फोनवरच्या पाठपुराव्यात 'काही त्रास?' या प्रश्नाला रुग्ण 'नाही' म्हणतात. आता आम्ही नेमकं विचारतो: उकिडवं बसता येतं का, बूट-मोजे घालताना पाय आत वळतो का, तळवे पूर्ण जुळतात का, दुखण्यावर मेडिकलमधून काय आणता. व्हिडिओ कॉल असेल तर करूनच दाखवायला सांगतो.

गावातल्या डॉक्टरांना दोष देण्यात मला अर्थ दिसत नाही. त्यांच्या हातात ट्रान्सप्लांटचं एक पानही नव्हतं. ताईंजवळच्या कार्डावर कच्चं काय खाऊ नये याची लांबलचक यादी होती, कोणतं वेदनाशामक घेऊ नये याची एक ओळ नव्हती. ती ओळ आता मराठीत, ठळक, पहिल्या पानावर आहे.

पुढे काय ठरायचं आहे

झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचे तीन वार्षिक डोस झाल्यावर ते २०२४ मध्ये थांबवलं आहे, कारण फार वर्षं चालू ठेवलं तर मांडीचं हाड वेगळ्याच तऱ्हेने मोडण्याचा दुर्मीळ धोका असतो. मांडीत नवं दुखणं आलं तर एक्स-रे काढायचा, हे ताईंना माहीत आहे. इस्ट्रोजेन साधारण पन्नाशीपर्यंत चालेल, दर वर्षी फेरविचार करून. डाव्या खुब्यातला डाग तीन एमआरआयमध्ये जसाच्या तसा आहे. असे छोटे, आतल्या अंगाचे डाग बहुधा खचत नाहीत. पुढचा स्कॅन दुखलं तरच करायचा की आणखी एकदा ठरलेल्या वेळी, यावर हाडांचे डॉक्टर आणि हिमॅटॉलॉजिस्ट यांचं अजून एकमत नाही. ताईंचं म्हणणं आहे, ठरलेल्या वेळी करा, आणि या बाबतीत मी त्यांच्या बाजूची आहे.